नळाचं पाणी आणि गणिताची उमेदवारी

पंधरा वर्षांपूर्वी जुन्या हुबळीत घराघराचं वेळापत्रक पाणी सोडणारा माणूस ठरवायचा. हुबळी-धारवाडला पाणी येतं ते नीरसागर तलावातून आणि सौंदत्तीजवळ मलप्रभेवर बांधलेल्या धरणातून. धरण भरलेलं असलं तरी नळाला पाणी चार-पाच दिवसांनी एकदा, उन्हाळ्यात त्याहून उशिरा आणि तेही काही तासांपुरतंच यायचं. कोणत्या दिवशी, किती वाजता, हे फक्त व्हॉल्व्हमनला ठाऊक. रस्त्यातल्या लोखंडी झाकणाखाली व्हॉल्व्ह आणि त्याच्या हातात लांब दांड्याची चावी. तो चावी फिरवणार, थोड्या वेळानं नळ फुसफुसणार, मग हंडे, कळशा, पिंप. पाण्याच्या दिवशी घरातल्या एकानं बाहेर पडायचं नाही, कारण पाणी चुकलं तर पुढची पाळी येईपर्यंत शेजाऱ्यांकडे बादली घेऊन जाणं आलं.

२००९च्या सुमारास बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या काही विद्यार्थ्यांनी वर्गातला प्रकल्प म्हणून हा विषय घेतला, आणि त्यातून ‘नेक्स्टड्रॉप’ हा उपक्रम हुबळीत उभा राहिला. युक्ती सरळ होती. व्हॉल्व्ह उघडताना व्हॉल्व्हमननं एका नंबरवर फोन करून खबर द्यायची. त्या व्हॉल्व्हवरच्या घरांना अर्धा-पाऊण तास आधी एसएमएस जायचा की पाणी येतंय. २०११ मध्ये अमेरिकेतल्या नाइट फाउंडेशनच्या स्पर्धेत त्यांना ३ लाख ७५ हजार डॉलर मिळाले. पुढे त्यांनी बेंगळुरूतही काम सुरू केलं. सुरुवातीच्या चमूतल्या एमिली कुम्पेल यांनी कारा नेल्सन यांच्याबरोबर हुबळी-धारवाडच्या नळाच्या पाण्याचे नमुने तपासले. इथल्या काही भागांना २००८ पासून चोवीस तास पाणी मिळू लागलं होतं. ते भाग आणि पाळीनं पाणी येणारे भाग यांची त्यांनी तुलना केली. पाळीच्या पाण्यात जंतू जास्त आढळले. इथल्या गल्ल्यांत हिंडून केलेलं ते काम आज जगभरचे पाणीतज्ज्ञ वाचतात.

या गोष्टीतली बोचणारी बाब अशी, की त्या काळातही हुबळीच्या विद्यानगरात भूमरड्डी अभियांत्रिकी महाविद्यालय होतं. ते १९४७ साली सुरू झालं, सुधा मूर्ती तिथंच शिकल्या आणि आता त्याचं केएलई तंत्रज्ञान विद्यापीठ झालं आहे. प्रोग्रामिंग येणारी शेकडो पोरं दरवर्षी तिथून बाहेर पडत होती. त्यातल्या अनेकांच्या घरी हाच नळ होता. पण नळाची वाट बघणं त्यांच्या इतकं अंगवळणी पडलेलं, की तो प्रश्न आहे असंच कुणाला वाटलं नाही. इंटर्नशिपसाठी मात्र सगळ्यांचे अर्ज बेंगळुरूला.

गणित आणि प्रोग्रामिंग दोन्ही जमणाऱ्या विद्यार्थ्यानं उमेदवारीत, म्हणजे इंटर्नशिपमध्ये, नेमकं काय करायचं असतं, ते या नळावरूनच बघू. व्हॉल्व्ह उघडल्यापासून एका घरी पाणी पोचायला किती मिनिटं लागली, याच्या पाच नोंदी समजा अशा आहेत: २२, २५, २७, ३० आणि १४०. शेवटच्या दिवशी वीज गेली होती. सरासरी काढायला कुणालाही येतं. ती येते ४९ मिनिटांच्या आसपास. ‘४९ मिनिटांत पाणी येईल’ असा संदेश पाठवला, तर पाचातल्या चार वेळा बाहेर गेलेली बाई घरी पोचेपर्यंत पाणी येऊन वाया जायलाही लागलेलं असेल. थोडं पुढचं शिकलेला विद्यार्थी मध्यक घेईल, म्हणजे २७ मिनिटं. हे बरं, तरीही पुरेसं नाही. मध्यकाचा अर्थच असा की निम्म्या वेळा पाणी त्याआधी येणार.

इथं गणिताचा खरा विद्यार्थी थांबतो आणि उलटा प्रश्न विचारतो: चूक झाली तर कुणाचं किती नुकसान? संदेशातली वेळ लवकरची निघाली तर बाईला नळाशी ताटकळावं लागेल. उशिराची निघाली तर तेवढ्या वेळाचं पाणीच हातचं जाईल. दोन्ही चुका सारख्या नाहीत. पाणी चुकण्याचा मिनिटागणिक तोटा ताटकळण्याच्या नऊपट धरला, तर उत्तर नेमकं काढता येतं. जिच्याआधी पाणी येण्याची शक्यता दहात एक आहे, अशी वेळ कळवायची. तोटा चौपट धरला तर पाचात एक. हे सूत्र पदवीच्या संख्याशास्त्रात शिकवलं जातं, फक्त तिथं ते पेपरवाल्यानं किती प्रती मागवाव्यात या उदाहरणात येतं आणि परीक्षेनंतर विसरलं जातं. अर्थात पाच नोंदींवरून ‘दहात एक’ काढता येत नाही, दर व्हॉल्व्हमागे निदान काही डझन नोंदी लागतात. त्या गोळा करायच्या, चुकीच्या वाटतात त्यांच्याबद्दल व्हॉल्व्हमनला विचारायचं आणि मगच पायथॉन उघडायचं. प्रोग्राम शंभर ओळींचाही होत नाही. नऊपट की चौपट, हे ठरवायला मात्र दहा घरांत जाऊन विचारावं लागतं, आणि महिनाभराची उमेदवारी तिथंच खर्च होते.

नेक्स्टड्रॉपची पुढची कथाही उमेदवारांनी वाचण्यासारखी आहे. बेंगळुरूत संशोधकांनी या सेवेचा रीतसर अभ्यास केला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. संदेशांमुळे घरांच्या रोजच्या जगण्यात फारसा फरक पडल्याचं त्यात दिसलं नाही. साखळीतला पहिलाच दुवा कच्चा होता. व्हॉल्व्हमनकडून खबर दर वेळी येत नव्हती. त्याच्या बाजूनं बघितलं तर ते स्वाभाविकच आहे. आधीच कामाचा रगाडा, त्यात प्रत्येक व्हॉल्व्हपाशी थांबून फोन करायचा, आणि त्यात त्याचा स्वतःचा फायदा काय? कितीही सुबक सूत्र लिहा, आकडा भरणाऱ्या माणसाला तो भरावासा वाटला पाहिजे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत डेटा संकेतस्थळावर तयार मिळतो, त्यामुळे ही गोष्ट तिथं शिकायला मिळत नाही.

हुबळीत असे प्रश्न पावलोपावली आहेत. हुबळी-धारवाड हा बावीस किलोमीटरचा वेगळा बसमार्ग २०१८ मध्ये सुरू झाला आणि ‘चिगरी’ बस धावू लागल्या. विद्यानगर, उणकल, नवनगर करत त्या धारवाडला जातात. दर दहा मिनिटांनी बस, असं वेळापत्रक असलं तर सरासरी पाच मिनिटं थांबावं लागेल असं वाटतं. पण बस एकदा पाच मिनिटांनी आणि एकदा पंधरा मिनिटांनी येत असेल, तर सरासरी अंतर दहाच राहतं आणि थांबणं मात्र सव्वासहा मिनिटांवर जातं. कारण आपण थांब्यावर पोचतो ती वेळ पंधराच्या लांब फटीत सापडण्याची शक्यता तिप्पट असते. दोन बस अगदी पाठोपाठ आल्या आणि मग वीस मिनिटं काहीच नाही, तर थांबणं थेट दहा मिनिटं. बस तेवढ्याच, डिझेल तेवढंच, आणि प्रवाशाचा वेळ दुप्पट गेला. म्हणून बस किती सोडल्या यापेक्षा त्या किती समान अंतरानं धावल्या हे मोजायला हवं. बसच्या जीपीएस नोंदी हाती आल्या तर दुसऱ्या वर्षाची मुलगीसुद्धा आठवड्यात हे मोजून दाखवेल.

आता बाजारात काय चालतं तेही सांगायला हवं. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमापासून इंटर्नशिपला श्रेयांक आले, चार वर्षांत सहाशे-सातशे तासांची अपेक्षा आली. बेळगावच्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठानंही ती सक्तीची केली. हेतू चांगला होता, पण लाखो मुलांना एकदमच इंटर्नशिप हवी झाली आणि तेवढं काम कुठंच नव्हतं. मग दुकानं निघाली. काही हजार रुपये भरा, चार आठवडे व्हिडिओ बघा, शेवटी टायटॅनिकचे प्रवासी वाचतील की बुडतील याचा अंदाज करणारा तोच तो प्रोग्राम उतरवून काढा आणि प्रमाणपत्र घेऊन जा. ज्या ठिकाणी उमेदवारानंच पैसे मोजायचे, तिथं तो ग्राहक असतो, आणि ग्राहकाच्या चुका कोण दाखवणार? माझी कसोटी साधी आहे. तुम्ही केलेलं काम वाचून कुणी तरी ‘हे चुकलंय, परत करा’ असं म्हणणारं आहे का? असेल तर बिनपगारी कामही विचारात घ्यावं. नसेल तर विद्यावेतन मिळालं तरी महिना वाया.

अशी वाचणारी माणसं हुबळीत बसूनही मिळतात, हे पुष्कळांना माहीत नसतं. मुंबईच्या आयआयटीत ‘फॉसी’ नावाचा प्रकल्प चालतो. मुक्त आणि फुकट वापरता येणारी सॉफ्टवेअर शिक्षणात आणणं हे त्याचं काम. सायलॅब, पायथॉन, ओपनफोम अशा प्रणालींवर तिथं विद्यार्थी काम करतात. उन्हाळी फेलोशिपसाठी ते आधी एक चाचणीचं काम देतात. ते ज्यानं नीट केलं त्याला घेतात, मग तो कुठल्याही गावातल्या कॉलेजातला असो. त्यांचा आणखी एक उपक्रम मला फार आवडतो. एखादं प्रमाणित पाठ्यपुस्तक घ्यायचं आणि त्यातलं प्रत्येक सोडवलेलं उदाहरण सायलॅबमध्ये किंवा पायथॉनमध्ये लिहून काढायचं. परीक्षक तपासतात, स्वीकारलं तर मानधन मिळतं. काम रटाळ वाटेल, पण पुस्तकातल्या उत्तरापेक्षा आपलं उत्तर तिसऱ्या दशांश स्थळी वेगळं का आलं याचा शोध घेताना जे कळतं, ते दोन सेमिस्टरमध्ये कळत नाही.

दुसरं दार ‘गुगल समर ऑफ कोड’चं. २००५ पासून ते उघडं आहे, आणि २०२२ पासून विद्यार्थी असण्याची अटही राहिलेली नाही. वय अठरा पूर्ण हवं आणि मुक्त सॉफ्टवेअरमध्ये नवखेपणा चालतो. गणितवाल्यांसाठी त्यातली सिमपाय ही संस्था खास. सिमपाय म्हणजे पायथॉनमध्ये लिहिलेला बीजगणिती कारकून: समीकरणं सोडवतो, कलन करतो, मर्यादा काढतो, तीही आकड्यांत न शिरता चिन्हांतच. एरन म्यूरर हा अमेरिकन विद्यार्थी २००९ मध्ये याच उन्हाळी योजनेतून सिमपायमध्ये आला आणि २०११ मध्ये त्या प्रकल्पाचा प्रमुख झाला. भारतातल्या कॉलेजांमधली पोरंही तिथं असतात.

तिथं शिरायचं कसं, तर अर्जाआधीच एक तरी दुरुस्ती पाठवून ती स्वीकारली गेलेली असावी लागते. चुकांची यादी सगळ्यांना खुली असते. समजा एका संकलनाचं उत्तर ऋण चिन्हानं चुकतंय. आधी ते उदाहरण हातानं, वहीवर सोडवायचं. मग एक छोटी चाचणी लिहायची, जी आज नापास होईल. मग हजारो ओळींत चिन्ह कुठं हरवलं ते शोधायचं. अनेकदा कारण असं निघतं की कुणी तरी कुठं तरी क्ष धन आहे असं मनातल्या मनात गृहीत धरलेलं. क्षच्या वर्गाचं वर्गमूळ क्ष, ही आठवीतली चूक जगातल्या चांगल्या सॉफ्टवेअरमध्येही लपून बसते. दुरुस्ती पाठवली की पोलंडमधला नाही तर ब्राझीलमधला अनोळखी माणूस ओळ न् ओळ वाचून शेरे मारतो: हे नाव बदल, इथं क्ष शून्य असेल तर काय होईल, आणखी दोन चाचण्या लिही. पहिली दुरुस्ती चार-चार वेळा परत येते. अपमान वाटून घ्यायचा नाही, तीच शिकवणी.

बीएस्सी, एमएस्सीला शुद्ध गणित घेतलेल्यांना वाटतं की हे सगळं इंजिनिअरांचं. त्यांच्यासाठी १९९३ पासून एमटीटीएस नावाचं चार आठवड्यांचं उन्हाळी शिबिर आहे. प्रा. एस. कुमरेसन यांनी ते सुरू केलं. राहणं-खाणं शिबिराकडून, आणि शिकवणं असं की मास्तर फळ्यावर सिद्धता लिहीत नाहीत, प्रश्न विचारत राहतात आणि सिद्धता पोरांच्या तोंडून वदवून घेतात. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातल्या मुलांना घोकंपट्टीची सवय असेल तर पहिला आठवडा जड जातो. पुण्याची भास्कराचार्य प्रतिष्ठान ही श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये स्थापलेली संस्था आणि आयुका या खगोलशास्त्राच्या केंद्राचा सुट्टीतला विद्यार्थी कार्यक्रम ही घरची ठिकाणं. आपल्याकडच्या बहुतेक मराठी घरांचा एक पाय पुण्यात असतोच, राहायची पंचाईत नाही, आणि २०२४ पासून पुण्याला वंदे भारतही आहे. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमी मिळून देतात ती दोन महिन्यांची उन्हाळी संशोधन फेलोशिपही गणिताला खुली आहे.

शुद्ध गणितवाल्यांसाठी एक नवं क्षेत्र उघडलंय, त्याचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. ‘लीन’ नावाची एक संगणकभाषा आहे. तिच्यात सिद्धता लिहिली की संगणक प्रत्येक पायरी तपासतो, आणि ‘हे उघडच आहे’ असं म्हणून पुढे जाऊ देत नाही. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात केविन बझर्ड यांनी पदवीच्या विद्यार्थ्यांना यात ओढलं. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सिद्धार्थ गाडगीळ ती शिकवतात. तिचं मॅथलिब हे गणिताचं भांडार जगभरचे लोक मिळून बांधताहेत आणि त्यात भर घालायला प्रवेशपरीक्षा नाही. एप्सिलॉन-डेल्टा ज्याला खरंच कळलंय त्याला इथं काम आहे. ज्याला कळल्यासारखं वाटतंय, त्याचं पितळ लगेच उघडं पडतं.

गावातली दारं? हुबळीला उमेदवारी नवी नाही. सदर्न मराठा रेल्वेनं १८८५ मध्ये इथं कारखाना काढला, आणि अप्रेंटिसची शिडी चढून फोरमन झालेली माणसं जुन्या घराण्यांत सापडतात. २००३ पासून दक्षिण-पश्चिम रेल्वेचं मुख्यालयही इथंच आहे. १५०७ मीटरच्या, जगातल्या सर्वांत लांब फलाटावर फोटो काढायला सगळे जातात. त्या फलाटावर कोणती गाडी किती वाजता कुठं लावायची, हे गणित फोटोत येत नाही. जाळ्यातून जास्तीत जास्त माल कसा वाहून न्यायचा, या आज प्रत्येक संगणकशास्त्राच्या पुस्तकात असलेल्या प्रश्नाचा उगमही रेल्वेतच आहे. १९५५ मध्ये हॅरिस आणि रॉस या अमेरिकनांनी सोव्हिएत रेल्वेचं ४४ ठिकाणं आणि १०५ जोडरेषांचं जाळं कागदावर मांडून तो सोडवला होता. त्यांना अर्थात ती रेल्वे कुठं तोडली की ठप्प होईल ते हवं होतं. गोकुळ रोडवर वायव्य कर्नाटक परिवहन महामंडळाचं मुख्यालय आहे. कोणत्या बसला कोणता चालक, कोणत्या डेपोतून किती गाड्या, हे प्रश्न तिथं रोज सुटतात, बरेचसे अनुभवानं. शिवाय धारवाडला २०१५ पासून आयआयआयटी आणि २०१६ पासून आयआयटी आहे, आणि मूळचे संकेश्वरचे गुरुराज देशपांडे यांच्या फाउंडेशनचं हुबळीत नवउद्योगांसाठी केंद्र आहे.

सरकारी कचेरीत ‘इंटर्नशिप हवी’ म्हणून गेलात तर आस्थापना विभागाकडे बोट दाखवतील आणि अर्ज आवक-जावकमध्ये पडून राहील. त्यापेक्षा कॉलेजचं पत्र घ्या, सोबत एका पानावर एकच प्रश्न लिहा, आणि वाहतूक विभागातल्या ज्या अधिकाऱ्याला त्या प्रश्नाचा रोज त्रास होतो त्याला भेटा. ‘साहेब, या मार्गावर बस पाठोपाठ का येतात ते दोन महिन्यांच्या नोंदींवरून काढून देतो, मला फक्त नोंदी द्या’ असं म्हटलं की तो निदान खुर्ची तरी दाखवतो. खाजगी कंपनीला किंवा प्राध्यापकाला मेल पाठवतानाही तेच. ‘मला यंत्रशिक्षणाची प्रचंड आवड आहे’ हे वाक्य रोज शंभर मेलमध्ये असतं. त्यांचाच एखादा लेख वाचून ‘तुमची तिसरी आकृती मी पुन्हा काढून बघितली, माझं उत्तर असं येतंय’ अशा दोन ओळी आणि प्रोग्रामचा दुवा पाठवला तर उत्तर येण्याची शक्यता कितीतरी वाढते.

पैशांचं एवढंच. २०२४ मध्ये जाहीर झालेली पंतप्रधान इंटर्नशिप योजना महिना पाच हजारांची होती, पण ती पूर्णवेळ शिकणाऱ्यांसाठी नव्हती, हे न बघताच आपल्याकडे पुष्कळांनी नावं नोंदवायची धडपड केली. फेलोशिपांचं विद्यावेतन राहण्या-खाण्यापुरतं असतं. बेंगळुरूत खोली घेऊन फुकट राबायला लावणाऱ्या ठिकाणी, घरची फार सोय नसेल तर, जाऊ नये. तेच काम घरबसल्या सिमपायमध्ये होतं.

आणि उन्हाळ्याची तयारी उन्हाळ्यात होत नाही. अकादमींच्या फेलोशिपचे अर्ज हिवाळ्यातच मागवतात, समर ऑफ कोडचे मार्च-एप्रिलच्या सुमारास, तोवर निदान एक दुरुस्ती स्वीकारलेली हवी. शिफारसपत्रासाठी सरांना आदल्या संध्याकाळी गाठलं तर त्यांच्याकडे सगळ्यांसाठी तयार असलेला तोच मजकूर तुमच्याही वाट्याला येतो. दसऱ्याच्या सुट्टीनंतर लगेच जाऊन, काय केलंय ते दाखवून, पत्र तेव्हाच मागून ठेवावं.